दारू सुटल्यानंतरची उदासी

"दारू सुटली ना? मग आता काय दुखतंय?" दारू सोडून दोन-तीन वर्षं झालेल्या माणसाला हा प्रश्न कधी ना कधी ऐकावा लागतोच. सोलापुरात तो आणखी थेट येतो: "का बे, आता पीत बी नाहीस, मग तोंड पाडून का बसलायस?" विचारणाऱ्याच्या मनात खोट नसते. घरच्यांनी आणि सोबत्यांनी त्याचं पिणं वर्षानुवर्षं सोसलेलं असतं, आणि त्यांचा हिशेब सरळ असतो. दुखणं दारूचं होतं, दारू गेली, म्हणजे दुखणं गेलं.

हा हिशेब चुकतो. दारूचं व्यसन आणि नैराश्य हे दोन वेगळे आजार आहेत. ते पुष्कळदा एकाच माणसात भेटतात, एकमेकांना वाढवतात, आणि पहिला आटोक्यात आला म्हणून दुसरा आपोआप जातोच असं नाही. काहींचा जातो, काहींचा मागे राहतो आणि काहींना दारू सोडल्यावर काही वर्षांनी नव्यानं जडतो. आपल्या माणसाचं यातलं काय आहे हे ओळखता आलं, तर पुढचा बराच त्रास वाचतो.

आधी शरीराकडे पाहू. मेंदूत पेशींना चेतवणारी आणि शांत करणारी अशी दोन्ही प्रकारची रसायनं असतात. चेतवणाऱ्यांत ग्लुटामेट मुख्य, शांत करणाऱ्यांत गाबा. दारू गाबाचा जोर वाढवते आणि ग्लुटामेटला दाबते, म्हणून क्वार्टर पोटात गेली की अंग सैल पडतं. हे रोजच होऊ लागलं की मेंदू आपली जुळवाजुळव करतो. यंत्रमागाच्या खडखडाटात पाळीभर काम करणारा माणूस मोठ्यानं बोलायला शिकतो आणि घरी, निवांत जागीही ओरडूनच बोलतो. तसा मेंदूही दारूच्या दडपणावर मात करायला आपली चेतना चढी ठेवतो. दारू थांबते तेव्हा दडपण निघून जातं, चढा सूर मात्र राहतो. हात थरथरणं, घाम फुटणं, छातीत धडधड, झोप उडणं, हे सारं त्यातून येतं.

इथे एक गोष्ट बजावून सांगायला हवी. आपल्या सोलापूर जिल्ह्यात पंढरपूर आहे, आणि विठोबाची माळ घालून दारू सोडणारी माणसं गावोगाव आहेत. माळेची ताकद मी कमी लेखत नाही. पण वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्यानं घरच्या घरी एकदम दारू तोडली, तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भ्रम होऊ शकतो. समोर नसलेली माणसं दिसतात, दिवस-रात्रीचं भान राहत नाही, ताप चढतो. उपचार झाले नाहीत तर यात माणूस दगावतो. म्हणून माळ जरूर घालावी, पण ते पहिले काही दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखाली काढावेत. त्यात ब-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं लागतात, कारण पिणाऱ्याच्या शरीरात त्याचा तुटवडा असतो आणि त्यानं मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

हे दिवस सरले की घरच्यांना हायसं वाटतं. माणूस आंघोळ करून, स्वच्छ कपडे घालून समोर बसलेला असतो, पण त्याचा चेहरा उतरलेला असतो. ही पहिल्या महिन्यातली उदासी. तिच्याविषयी एक जुना, फार उपयोगी अभ्यास आहे. सँड्रा ब्राउन आणि मार्क शुकिट या संशोधकांनी अमेरिकेत, दारूच्या उपचारांसाठी दाखल झालेल्या १९१ पुरुषांची दर आठवड्याला तपासणी केली आणि १९८८ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. दाखल झाले तेव्हा त्यांतल्या ४२ टक्के लोकांना उपचार करावेत इतपत उदासी होती. चार आठवडे दारूविना गेल्यावर, नैराश्याचं कोणतंही औषध न देता, हे प्रमाण ६ टक्क्यांवर आलं. म्हणजे सुरुवातीची बहुतेक उदासी दारूनंच आणलेली असते आणि तिच्याबरोबरच ओसरते.

म्हणूनच मानसोपचारतज्ज्ञ पुष्कळदा पहिल्याच भेटीत नैराश्याची गोळी लिहून देत नाहीत. "दोन-चार आठवडे थांबू, मग बघू," असं म्हणतात. नातेवाइकांना ही टाळाटाळ वाटते, ती नसते. मात्र काही जणांच्या बाबतीत थांबायचं नसतं. मरणाचे विचार येत असतील, दारू लागण्याच्या आधीपासून उदासीचे झटके येत असतील, पूर्वी काही महिने दारू सोडली होती तेव्हाही मन असंच खचलं होतं, किंवा आई-वडील, भावंडांपैकी कुणाला असा आजार होता, तर ते पहिल्याच दिवशी डॉक्टरांना सांगावं. आणि त्या अभ्यासातले उरलेले ६ टक्के विसरू नयेत. चार आठवड्यांनंतरही जी उदासी हटत नाही, तिचा दोष दारूवर टाकत बसण्यात अर्थ नाही. तिला स्वतंत्र आजार मानून तिच्यावर उपचार करायचे.

पुढचे काही महिने वेगळेच असतात. काहींना या काळात उलट फार छान वाटतं. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या, म्हणजे एएच्या मंडळींत याला 'पिंक क्लाउड' म्हणतात. माणूस तरंगत असतो, सगळ्यांची दारू सोडवायला निघतो, आणि एके दिवशी काही कारण नसताना जमिनीवर येतो. इतरांना पहिल्यापासूनच सपाट वाटतं. दारू मेंदूतलं डोपामाइन उसळवते. सुख, उत्सुकता, काही करावंसं वाटणं हे ज्या यंत्रणेवर चालतं ती यंत्रणा या उसळीला सरावते आणि साध्या गोष्टींना दाद देईनाशी होते. लेकराचं हसणं, गरम भाकरी, क्रिकेटची मॅच यांनी काहीच होत नाही. ताण हाताळणारी यंत्रणाही बिथरलेली असते, त्यामुळे भाजीत मीठ कमी पडलं एवढ्यावरून भांडण पेटतं. झोप तर कित्येक महिने नीट बसत नाही; पहाटे तीनला डोळे उघडतात, स्वप्नं पडतात आणि त्यांत हटकून दारू असते. बहुतेकांमध्ये हे हळूहळू सुधारत जातं, पण आठवड्यांत नाही, महिन्यांत. काहींना वर्ष-दोन वर्षंही लागतात. हे कुणी आधी सांगितलेलं नसलं की माणूस समजतो, आपण कायमचे असेच झालो. मग त्याला पिणं परवडलं असं वाटू लागतं.

सोलापूरकरांसाठी यात आणखी एक पदर आहे. इथे शिंदी-ताडी पिणारा वर्ग मोठा, आणि रसायनमिश्रित ताडीच्या बातम्या अधूनमधून येतच असतात. अशा ताडीत झोपेच्या आणि गुंगीच्या औषधांची भेसळ असते. तेलंगणात २०१५ साली सरकारनं भेसळीच्या ताडीवर कडक कारवाई केली, तेव्हा निजामाबाद, महबूबनगर भागातल्या रुग्णालयांत झटके, भ्रम, कमालीची बेचैनी घेऊन आलेल्या लोकांची रीघ लागली. ताडी बंद झाली तशी ताडीतून नकळत पोटात जाणारी अल्प्राझोलमसारखी गोळीही बंद झाली होती. या गोळ्यांची सवय सुटताना चिंता आणि निद्रानाश आठवडेच्या आठवडे पिच्छा पुरवतात. म्हणून डॉक्टरांना नुसतं "पीत होतो" एवढं सांगून भागत नाही. देशी, हातभट्टी, ताडी, यांतलं काय आणि किती वर्षं, हे सांगायला हवं.

दारूविरुद्ध उभं राहण्यात हे शहर कधी मागे नव्हतं. गांधीजींच्या अटकेनंतर ८ मे १९३० रोजी इथे रूपाभवानीच्या परिसरात शिंदीची झाडं तोडण्यावरून पोलीस आणि लोक समोरासमोर आले, गोळीबार झाला, आणि चार दिवसांत सोलापुरात मार्शल लॉ लागला. अलीकडे २०२१ मध्ये सोलापूर ग्रामीणच्या तेव्हाच्या पोलीस अधीक्षक तेजस्वी सातपुते यांनी 'ऑपरेशन परिवर्तन' सुरू केलं आणि मुळेगाव तांड्यासारख्या ठिकाणी हातभट्टी गाळणाऱ्या कुटुंबांना दुसऱ्या रोजगाराकडे वळवण्याचा प्रयत्न केला. झाड तोडणं, भट्टी बंद करणं याला आपल्याकडे परंपरा आहे. पण ज्यानं ग्लास खाली ठेवला त्याच्या मनाचं पुढे काय होतं, याची विचारपूस करण्याची परंपरा आपण अजून घातलेली नाही.

आणि खरी परीक्षा तिथेच आहे, कारण पहिलं वर्ष सगळे सांभाळतात. व्यसनमुक्तीच्या गटांत दारू सोडल्याचा वाढदिवस साजरा होतो, टाळ्या वाजतात, बायको स्टेजवर येऊन दोन शब्द बोलते. दुसऱ्या वर्षी टाळ्या थोड्या कमी. पाचव्या वर्षापर्यंत त्याचं न पिणं घरात गृहीत धरलं जातं, आणि ते एका अर्थी बरंच आहे. पण नेमक्या याच काळात इतक्या वर्षांचं दाबलेलं वर येत असतं.

काय वर येतं? आधी हिशेब. शुद्धीवर आलेल्या माणसाला गेलेली वर्षं पहिल्यांदा नीट दिसतात. विकलेली जागा, मोडलेले दागिने, बापाच्या मयतीला आपण कोणत्या अवस्थेत होतो, मुलीच्या दहावीच्या वेळी आपण कुठे होतो. दारूनं हे दुःख पुढे ढकललेलं असतं, आणि ते व्याजासकट परत येतं. शिवाय संध्याकाळ रिकामी होते. सहा ते नऊ हा वेळ पूर्वी अड्ड्यावर जायचा, तिथेच मित्र होते, तिथेच हसणं होतं. आता मित्र टाळायचे तर बोलायचं कुणाशी? जुनी गिरणी, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी अशा गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या, त्या पिढीतल्या कितीतरी जणांची नोकरी, संघटना आणि कट्टा एकदमच गेला. त्यांच्या मुलांच्या वाट्याला यंत्रमागाची बेभरवशाची मजुरी आली. दारू सोडल्यानं ही परिस्थिती बदलत नाही, ती फक्त उघड्या डोळ्यांनी पाहावी लागते.

घरातली जागाही बदललेली असते. तो पीत होता तेव्हा बायकोनं विड्या वळून घर चालवलं. रोज हजार विड्या, पाठ मोडेपर्यंत. पैशांचे, मुलांच्या शाळेचे, नात्यागोत्यातले सगळे निर्णय तिनं घेतले. आता हा म्हणतो, "मी सुधारलोय, मला विचारा." ती का म्हणून लगेच विचारेल? मुलगा बापाशी कामापुरतंच बोलतो. विश्वास परत यायला दारू सुटायला लागला त्याहून जास्त वेळ लागतो, आणि त्या मधल्या काळात माणूस स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखा राहतो.

हे सगळं दुबळ्या मनाच्या माणसालाच होतं असं वाटत असेल, तर बिल विल्सन यांचं उदाहरण पाहावं. अमेरिकेतल्या या शेअरदलालानं डिसेंबर १९३४ मध्ये दारू सोडली आणि पुढच्याच वर्षी डॉ. बॉब स्मिथ यांच्यासोबत ओहायोतल्या अ‍ॅक्रन इथे एएची सुरुवात केली. जगभर जिथे जिथे एएच्या मीटिंगा चालतात, तिथे त्यांचं नाव घेतलं जातं. हेच विल्सन १९४४ पासून साधारण अकरा वर्षं वारंवार गाढ नैराश्यात होते. दारूला न शिवता दहा वर्षं झालेली, हजारो लोक त्यांच्यामुळे दारूतून बाहेर पडलेले, आणि ते स्वतः कित्येक दिवस अंथरुणातून उठू शकत नव्हते. त्यांनी मानसोपचारतज्ज्ञांची मदत घेतली. काही अनुयायी तेव्हा कुजबुजत होते की यांचा कार्यक्रमच कच्चा. जानेवारी १९५८ मध्ये विल्सन यांनी एएच्या मासिकात यावर उघडपणे लिहिलं. त्यांचा मुद्दा असा होता की दारू सोडणं ही पहिली पायरी. भावनांच्या पातळीवर शुद्धीवर येणं हे पुढचं काम आहे, आणि आपलं सुख दुसऱ्यांच्या शाबासकीवर टांगून ठेवल्यानं आपण कोसळत होतो. ज्यांनी एएच्या बारा पायऱ्या लिहिल्या त्यांनाच त्या पुरल्या नाहीत, यात पायऱ्यांचा अपमान नाही. नैराश्य हा आजार आहे, एवढंच त्यातून कळतं.

आता ओळखायचं कसं? नैराश्याची ठरलेली लक्षणं आहेत: दोन आठवडे किंवा जास्त काळ, बहुतेक दिवस, दिवसाचा बराच वेळ मन खिन्न राहणं किंवा कशातच राम न वाटणं, त्याच्या जोडीला झोप आणि भूक बिघडणं, थकवा, लक्ष न लागणं, हालचाल मंदावणं किंवा उगाच येरझाऱ्या घालणं, आपण कवडीमोलाचे आहोत असं वाटणं, मरणाचे विचार. पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची साधी प्रश्नावली यावरच बेतलेली आहे आणि डॉक्टर ती पाच मिनिटांत भरून घेतात. पण आपल्याकडचा पुरुष "मी उदास आहे" असं क्वचितच म्हणतो. तो म्हणतो अंग दुखतंय, डोकं जड झालंय, पित्त झालंय. तो चिडतो. कामावर खाडे पडू लागतात. आणि दारू सोडलेल्यांत एक खूण फार बोलकी असते: तो मीटिंगला जायचं बंद करतो. "तेच तेच ऐकून कंटाळा आला" हे वाक्य घरच्यांनी हलक्यात घेऊ नये. दारूच्या ऐवजी मावा वाढणं, रात्रभर मोबाइलवर रमी खेळणं, याही खुणाच.

नैराश्य ठरवण्याआधी काही तपासण्या करून घ्याव्यात, कारण शरीरातली काही दुखणी उदासीचं सोंग घेऊन येतात. थायरॉइड मंदावलेलं असणं, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, रक्त कमी असणं, वाढलेली साखर, यकृताचा त्रास, घोरताना श्वास अडकल्यानं रात्रभर न मिळणारी झोप. वर्षानुवर्षं प्यायलेल्या आणि आबाळ झालेल्या शरीरात यांतलं एखादं तरी बहुधा सापडतंच. रक्ताच्या साध्या तपासणीनं जे कळतं त्यासाठी महिनोन्‌महिने स्वतःला दोष देत बसू नये.

उपचारांविषयी सगळ्यांत मोठा गैरसमज गोळ्यांचा. "दारू सोडली आणि गोळीच्या नादाला लागला," असं म्हणणारे घरात असतात तसे कधीकधी गटातही असतात. नैराश्यावर आज सर्रास दिल्या जाणाऱ्या सर्ट्रालीन, एस्सिटालोप्रॅम यांसारख्या औषधांनी नशा होत नाही, त्यांची तलफ लागत नाही. त्यांचा गुण दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात, आणि ती मनानं एकदम बंद केली तर काही दिवस चक्कर, बेचैनी होते, म्हणून डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करायची असतात. एएच्या स्वतःच्या पुस्तिकेत स्पष्ट लिहिलेलं आहे की कुठल्याही सदस्यानं दुसऱ्याचा डॉक्टर होऊ नये. जपायचं ते वेगळ्या गोळ्यांपासून. अल्प्राझोलम, डायझेपाम, क्लोनाझेपाम या झोपेच्या आणि चिंतेच्या गोळ्या मेंदूत दारूच्याच जागी काम करतात आणि त्यांची सवय लागते. पूर्वी दारू होती हे न सांगता औषधाच्या दुकानातून अशी स्ट्रिप आणणं म्हणजे नवं व्यसन दारात बोलावणं.

दोन्ही आजारांवर एकाच वेळी उपचार करण्याचा फायदा आकड्यांत दिसलेला आहे. हेलन पेटिनाटी आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत १७० रुग्णांवर केलेला अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. या सगळ्यांना दारूचं व्यसन आणि नैराश्य, दोन्ही होतं. नैराश्यावरचं सर्ट्रालीन आणि दारूची ओढ कमी करणारं नाल्ट्रेक्सोन, अशी दोन्ही औषधं ज्यांना दिली त्यांच्यातले जवळजवळ ५४ टक्के चौदा आठवड्यांत दारूपासून पूर्ण लांब राहिले. एकच औषध किंवा औषध नसलेली गोळी मिळालेल्यांत हे प्रमाण २१ ते २८ टक्क्यांच्या दरम्यान होतं. एक आजार धरून दुसरा सोडायचा हा हिशेब किती महाग पडतो, ते यातून कळावं.

डायसल्फिरामबद्दल थोडं सविस्तर बोललं पाहिजे. ही गोळी घेणाऱ्यानं दारू प्यायली की तोंड लालबुंद होतं, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. स्वतः राजी असलेल्या, सगळं समजून घेतलेल्या माणसाला तिचा उपयोग होतो. पण 'त्याच्या नकळत दारू सोडवा' अशा जाहिराती भिंतींवर रंगवलेल्या असतात आणि त्या वाचून कुणीतरी ही गोळी किंवा असलीच कुठली पूड नवऱ्याच्या भाजीत मिसळतं. हे करू नका. त्यानं न समजता दारू प्यायली तर जिवावर बेतू शकतं. शिवाय या औषधानं काही जणांत उदासी किंवा भ्रम वाढतो, आणि काय पोटात जातंय हेच माहीत नसलं तर डॉक्टरही फसतात. जपून घ्यायचं आणखी एक औषध म्हणजे लिथियम. ज्यांची मनःस्थिती कधी उदास तर कधी अति उत्साही अशी हेलकावते, त्यांना ते दिलं जातं. सोलापूरच्या उन्हाळ्यात घाम जाऊन शरीरातलं पाणी कमी झालं की रक्तातलं लिथियम धोक्याच्या पातळीवर जाऊ शकतं. एप्रिल-मे महिन्यांत अशा रुग्णानं भरपूर पाणी प्यावं, मीठ एकदम तोडू नये आणि हातांना जास्त कंप सुटला, जुलाब लागले तर लगेच दाखवावं.

गोळ्यांशिवायचे उपचारही तितकेच खरे आहेत, आणि त्यातलं एक मोठं काम आपल्या शेजारी, गोव्यात झालं. मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि 'संगत' या संस्थेनं तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत स्थानिक माणसांना प्रशिक्षण देऊन समुपदेशक केलं. मानसशास्त्राची पदवी नसलेले हे लोक. नैराश्याच्या रुग्णांशी ते सहा ते आठ भेटी बोलत. सूत्र एवढंच की मन लागेल तेव्हा काम करीन असं म्हणत थांबायचं नाही. आधी छोटं काम करायचं, मन मागून येतं. सकाळी दहा मिनिटं चालणं, बहिणीला फोन, दुकानाचा राहिलेला हिशेब. आठवड्याची आखणी कागदावर, आणि पुढच्या भेटीत तिची उजळणी. अतिरेकी पिणाऱ्या पुरुषांसाठी त्यांनी अशीच दुसरी पद्धत तयार केली. दोन्हींचे निष्कर्ष २०१६ च्या अखेरीस 'लॅन्सेट'मध्ये आले आणि दोन्हींचा गुण दिसला. रिकाम्या संध्याकाळचं दुखणं असणाऱ्याला हे सूत्र फार लागू पडतं: सहा ते नऊ या वेळेत काय करायचं हे सकाळीच ठरलेलं असलं पाहिजे. भूक, राग, एकटेपणा आणि थकवा या चार अवस्थांत ओढ जास्त लागते हे व्यसनमुक्तीच्या गटांत शिकवतात. उदासीलाही हीच चार दारं आहेत.

पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ रोजी 'मुक्तांगण' सुरू केलं, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे त्यामागे उभे होते. तिथे दाखल होणाऱ्याला रुग्णमित्र म्हणतात. पस्तीस दिवसांच्या उपचारांनंतरचा पाठपुरावा हा तिथल्या कामाचा कणाच आहे. रुग्णमित्रांच्या पत्नींसाठी तिथे 'सहचरी' हा वेगळा गट आहे, आणि मला तो फार महत्त्वाचा वाटतो. कारण नवरा प्यायचा तोवर ती लढत असते, कोसळायला तिला सवडच नसते. तो सुधारतो आणि मग तिची झोप उडते, तिला विनाकारण रडू येतं. "अहो, आता सगळं चांगलं आहे, मलाच काय होतंय कळत नाही," असं ती म्हणते. तिलाही नैराश्य असू शकतं. तिचाही केसपेपर काढायला हवा.

घरच्यांनी काय बोलावं, हा प्रश्न येतोच. "बघ, तुझ्यासाठी आम्ही किती केलं," हे वाक्य नको. "पुन्हा घेतलीस का?" म्हणून रोज तोंडाचा वास घेणं नको. झोप लागते का, जेवण जातं का, कशाचा त्रास होतोय, हे विचारावं. आणि मन फार खचलेलं दिसलं तर स्पष्ट विचारावं: जीव नकोसा झालाय का, मरणाचे विचार येतात का? विचारल्यानं असे विचार डोक्यात शिरत नाहीत. उलट कुणीतरी विचारलं याचा आधार वाटतो. होकार आला तर त्याला एकटं सोडू नये, घरातली कीटकनाशकं आणि जादा गोळ्या दूर कराव्यात आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठावं. पोलिसांची भीती बाळगू नये. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ नुसार आत्महत्येच्या प्रयत्नामागे तीव्र ताण असल्याचं गृहीत धरलं जातं आणि त्या माणसाची काळजी घेण्याची जबाबदारी सरकारवर टाकलेली आहे. घसरण होऊन पुन्हा प्यायला गेला, तरी आधीची न पिता काढलेली वर्षं वाया गेली असं समजू नये. आठवडाभरात डॉक्टरांकडे न्यावं आणि घसरण्याआधी मन कसं होतं हे सांगावं. बहुधा उदासी आधी आलेली असते, दारू मागून.

देशात दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कुठला तरी उपचार मिळतो, असं केंद्र सरकारसाठी एम्सनं केलेल्या पाहणीत २०१९ साली दिसलं. सोलापुरात निदान जायचं कुठे हा प्रश्न नाही. डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेल्या छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, म्हणजे आपल्या सिव्हिलमध्ये, मानसोपचार विभाग आहे. घरातून बाहेर पडवत नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा क्रमांक लावा. चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलता येतं. व्यसनासंबंधी मदतीचा राष्ट्रीय क्रमांक १४४४६ आहे. जाताना जुनी औषधं आणि चिठ्ठ्या पिशवीत टाका, शक्य असेल तर घरचं माणूस सोबत न्या. आणि डॉक्टरांना उदासीबरोबरच दारू किती वर्षं होती, ती सोडून किती वर्षं झाली हेही सांगा, कारण कुठली गोळी द्यायची आणि कुठली मुळीच द्यायची नाही, ते त्यावरूनच ठरतं.